आत्मविश्वास, अहंकार आणि डबल बास

पाश्चात्त्य संगीतवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे. एका नवरा-बायकोचं बोलणं बंद झालेलं असतं. महिनोन् महिने घरात शब्द नाही. समुपदेशक सगळे उपाय करून थकतो. शेवटी तो कपाटामागून एक भला मोठा डबल बास काढतो आणि वाजवायला लागतो. दोन मिनिटांत दोघांच्या गप्पा सुरू! हे कसं काय जमलं, असं विचारल्यावर तो म्हणतो, "बास एकटा वाजायला लागला की गप्प बसणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही."

गंमत अशी की हा विनोद बास वाजवणारेच जास्त सांगतात. व्हायोलिनवाला किंवा गायक स्वतःबद्दल असं काही सांगताना सहसा दिसत नाही. त्यावरूनच मला हा विषय सुचला. ज्याचं वाजवणं सुरू झालं की लोक खुशाल बोलायला लागतात, त्या माणसानं आपला 'मी' ठेवायचा कुठं? त्यानं नम्र व्हायचं, कडवट व्हायचं, की मान ताठ ठेवायची?

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. व्हायोलिन, व्हायोला, चेलो या मंडळींच्या शेजारी उभा राहणारा हा सगळ्यांत थोराड गडी. उंची जवळजवळ सहा फूट. वाजवणारा उभा राहून किंवा उंच स्टुलाला टेकून वाजवतो. कधी गजानं, कधी बोटांनी. व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ३३ सेंटिमीटर असते, याची शंभराच्या वर. बहुधा चार तारा असतात आणि त्यातली सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा सूर कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. सतारीसारखे पडदे याला नसतात. बोट कुठं टेकायचं ते कानानं आणि सवयीनं ठरवायचं. शिवाय सुरांमधली अंतरं इतकी मोठी की बोट हलवून भागत नाही, सगळा हात सरकवावा लागतो. चाचपडत वाजवायची सोयच नाही. सूर काढण्याआधी तो मनात पक्का ऐकू यावा लागतो. म्हणजे आत्मविश्वास हा या वाद्याचा वरचा दागिना नाही, तो तारेइतकाच आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट. समजा पियानोवाल्यानं सा-ग-प हे तीन सूर एकत्र धरले आहेत. बासवाल्यानं खाली सा वाजवला तर सगळं प्रसन्न, स्थिर वाटतं. पण त्यानं सा ऐवजी खालचा शुद्ध धैवत वाजवला, तर तेच तीन सूर एकदम उदास वाटायला लागतात. पियानोवाल्यानं बोट हलवलेलं नाही! पण त्याच्या सुरांचा अर्थ दुसऱ्याच माणसानं बदलून टाकला. जॅझमध्ये बासवाला बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालत राहतो, आणि चालता चालता इतरांच्या सुरांचा अर्थ ठरवत असतो. एवढी सत्ता ज्याच्या हातात, त्याच्या वादनाच्या वेळी लोक गप्पा मारतात. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात. मग त्याच्या मनाची ओढाताण झाली तर नवल काय?

अशा माणसासाठी आपल्याकडे एक ठरलेला शब्द आहे, 'पायाचा दगड'. सत्कार असो, निवृत्तीचा समारंभ असो, शब्द ठेवलेलाच. कळस सगळ्यांना दिसतो, पण पायाचे दगड दिसत नाहीत, त्यांनी कधी तक्रार केली नाही, वगैरे वगैरे. ऐकायला छान वाटतं. माझं मत मात्र असं झालं आहे की हे कौतुक फार सोयीचं आहे. दगड पगारवाढ मागत नाही. दगडाला 'तुमचं इथं चुकतंय' असं म्हणता येत नाही. आपण ज्याला दगड ठरवलं त्यानं तोंड उघडलं की लगेच कुजबुज सुरू होते, "याला हल्ली फार अहंकार झालाय." पहिल्या व्हायोलिनवाल्याबद्दल असं कुणी म्हणत नाही. त्याचा ताठा खपून जातो, किंबहुना तो त्याला शोभतो असंच लोक मानतात. अहंकाराचा आरोप नेहमी मागच्या रांगेवरच का होतो, हे एकदा तपासून पाहायला हवं.

डोमेनिको ड्रॅगोनेट्टी या माणसाची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. जन्म १७६३, व्हेनिसचा. १७९४ मध्ये तो लंडनला गेला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. १७९९ मध्ये व्हिएन्नात त्यानं बीथोव्हेनच्या भेटीत बीथोव्हेनचाच चेलोसाठीचा एक सोनाटा डबल बासवर वाजवून दाखवला. चेलोचं नाजूक काम त्या धूडावर होताना पाहून बीथोव्हेननं आनंदानं वादकाला वाद्यासकट मिठी मारली, असं सांगतात. हा ड्रॅगोनेट्टी पैशाच्या बाबतीत मात्र मुळीच दगड नव्हता. आपल्या वादनाची किंमत त्याला ठाऊक होती आणि ती तो मागून घ्यायचा. लंडनच्या ऑर्केस्ट्रांमधल्या सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्यांमध्ये हा मागच्या रांगेतला माणूस होता. १८२५ मध्ये लंडनला बीथोव्हेनची नववी सिंफनी प्रथम होणार होती. तिच्या शेवटच्या भागात चेलो आणि बास माणसानं बोलावं तसे बोलतात. त्या कामाचेही पैसे ड्रॅगोनेट्टीनं घासाघीस करून मागितले. आयोजक वैतागले असतील, आणि कुणी तरी त्याला नक्कीच अहंकारी म्हटलं असेल.

पण त्याच ड्रॅगोनेट्टीची दुसरी बाजू बघा. लंडनच्या ऑपेरात रॉबर्ट लिंडली नावाचा चेलोवादक आणि तो एकाच स्टँडवरची पानं वाचत शेजारी शेजारी वाजवायचे. किती वर्षं? तर बावन्न! बावन्न वर्षं एका माणसाला दुसऱ्याच्या कोपराशी कोपर लावून बसावंसं वाटलं. लग्नंसुद्धा इतकी टिकत नाहीत. १८४५ मध्ये बॉनला बीथोव्हेनच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा पाचव्या सिंफनीसाठी तेरा डबल बास एकत्र आणले होते. त्यांचं नेतृत्व केलं ड्रॅगोनेट्टीनं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पुढच्याच वर्षी तो गेला.

मला इथं एक मोजमाप सापडतं. माणूस अहंकारी आहे की आत्मविश्वासानं उभा आहे, हे त्यानं काय मागितलं यावरून ठरवू नये. त्याच्या शेजारी बसणाऱ्याचं काम त्याच्यामुळे सोपं होतं की अवघड, हे बघावं. ड्रॅगोनेट्टीनं त्रास दिला असेल तर तो हिशेबनीसाला. लिंडलीला नाही.

आता हे मोजमाप जरा कठीण जागी लावून पाहू.

डबल बास वाजवणाऱ्यांची चरित्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यातले कितीतरी जण या वाद्याकडे आपणहून आलेले नाहीत. दुसरीकडचं दार बंद होतं म्हणून ते इकडे वळले. इटलीचा जोव्हान्नी बोत्तेसिनी १८३५ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेश घ्यायला गेला तेव्हा शिष्यवृत्तीच्या दोनच जागा उरल्या होत्या, एक बसूनची आणि एक डबल बासची. त्यानं बास घेतला आणि पुढे 'डबल बासचा पागानिनी' म्हणून नाव कमावलं. (१८७१ मध्ये कैरोला व्हेर्दीच्या 'आयदा' ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्याचं संचालन याच बोत्तेसिनीनं केलं होतं.) त्याची अडचण गरिबीची होती. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांची अडचण त्याहून वाईट होती. तिथं दार बंद व्हायचं ते कातडीचा रंग पाहून.

चार्ल्स मिंगस हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. जन्म १९२२. लहानपणी चेलो वाजवायचे. कृष्णवर्णीय मुलाला चेलोवर कुठल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात जागा मिळणार, तेव्हा बास घे, असा व्यवहारी सल्ला त्यांना मित्रानं, बडी कॉलेटनं दिला. मिंगसनी बास घेतला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पूर्वी प्रमुख बासवादक असलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे रीतसर तालीम घेतली. मोठे वादक झाले, त्याहून मोठे संगीतकार झाले. आणि संतापासाठीही तितकेच प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात ते जेमतेम काही आठवडे टिकले. हुआन टिझोल या ट्रॉम्बोनवादकाशी मारामारी झाली आणि काढून टाकण्यात आलं. एलिंग्टन सहसा कुणाला स्वतः काढत नसत, मिंगस हा त्यातला विरळा अपवाद. क्लबात वाजवताना श्रोते बोलायला लागले, ग्लासांची किणकिण झाली, की मिंगस वादन थांबवून त्यांना झापायचे. सुरुवातीचा विनोद आहे ना, तो या माणसाला कधीच विनोद वाटला नसावा!

आपल्याकडे म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. शाळेच्या भिंतींवर ही म्हण मी वर्षानुवर्षं रंगवलेली पाहिली आहे. मिंगस वाचताना कळतं की ती नेहमी लागू पडत नाही. हे पाणी अतिशय खोल होतं आणि तरी खळखळत होतं. श्रोत्यांवर रागावण्यात मला त्यांचा अहंकार वाटत नाही. बास वाजतोय म्हणून बोललेलं चालतं, हे त्यांनी मान्य केलं नाही एवढंच. दगड व्हायला नकार दिला.

आणि अहंकार म्हणजे काय ते त्यांना समजत नव्हतं असंही नाही. १९५६ मध्ये त्यांची 'पिथेकँथ्रोपस इरेक्टस' ही ध्वनिमुद्रिका आली. त्यातली त्याच नावाची रचना आहे ताठ उभ्या राहिलेल्या पहिल्या माणसाची. तो दोन पायांवर उभा राहतो, आपण सगळ्या प्राण्यांहून श्रेष्ठ असं मानायला लागतो, सगळ्यांवर सत्ता गाजवू पाहतो आणि शेवटी त्यातच कोसळतो. उत्क्रांती, श्रेष्ठत्वाचा गंड, ऱ्हास आणि नाश, असे तिचे चार टप्पे स्वतः मिंगसनीच सांगितले होते. अहंकारावर इतकं नेमकं प्रवचन एखाद्या कीर्तनकारालाही जमलं नसतं, आणि तेही एका शब्दाशिवाय.

पण समजणं वेगळं आणि वागणं वेगळं. १९६२ चा ऑक्टोबर. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठरलेला, वेळ कमी, रचना अपुऱ्या. मिंगसनी आपल्या ट्रॉम्बोनवादकाला, जिमी नेपरला, रचनेचं आणखी काम करायला सांगितलं. नेपरनी नकार दिला. मिंगसनी तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ज्याचं सगळं वादन ओठ आणि दातांवर उभं आहे अशा माणसाचा! नेपरच्या वादनातले वरचे सूर त्यामुळे गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि मिंगस दोषी ठरले. शिक्षा स्थगित झाली म्हणून तुरुंग टळला.

इथं माझं मोजमाप अडखळतं, हे कबूल केलं पाहिजे. कारण मिंगसच्या शेजारी वाजवणारे लोक तिथं जेवढे फुलले तेवढे इतरत्र कमी वेळा फुलले. ते पुष्कळदा कागद न देता, सूर तोंडानं गाऊन शिकवत, म्हणजे वादक कागदाऐवजी एकमेकांकडे बघतील. ड्रमवाले डॅनी रिचमंड जवळजवळ वीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले. स्वतः नेपरसुद्धा पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मिंगसबरोबर पुन्हा वाजवायला आले. याचा अर्थ मी असा लावते की वाजवताना मिंगसचा आत्मविश्वास इतका भक्कम होता की त्यात दुसऱ्यांना ऐसपैस जागा होती. वाद्य खाली ठेवलं की ती जागा आक्रसायची. एकाच माणसात दोन्ही राहू शकतात आणि एकामुळे दुसरं माफ होत नाही. संगीत थोर म्हणून ठोसा क्षम्य ठरत नाही, आणि ठोसा मारला म्हणून संगीत खोटं ठरत नाही. पण 'प्रतिभावंत असाच असतो' असं म्हणणाऱ्यांनी एकदा नेपरच्या दाताचा विचार करावा.

मिंगस १९७९ मध्ये मेक्सिकोत वारले, छप्पन्नाव्या वर्षी. शेवटी स्नायू निकामी करणाऱ्या आजारानं बासवर बोटंही चालेनाशी झाली होती, तेव्हा ते सूर तोंडानं गाऊन टेपवर ध्वनिमुद्रित करत. त्यांच्या इच्छेप्रमाणे पत्नीनं त्यांची रक्षा आपल्याकडे आणून गंगेत सोडली. कुठला कोण ॲरिझोनात जन्मलेला माणूस... असो.

प्रतिभावंत 'असाच' असायला हवा का, याचं उत्तर मिल्ट हिंटन यांच्याकडे आहे. तेही कृष्णवर्णीय, जन्म १९१०, मिंगसच्या आधीच्या पिढीतले. मूळचे व्हायोलिनवाले. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत वाद्यवृंद असायचे, त्यात काम मिळेल अशी आशा होती. बोलपट आले आणि ते वाद्यवृंदच गेले. म्हणून हिंटन बासकडे वळले. जखम मिंगसच्याच जातीची. १९३६ ते १९५१ अशी पंधरा वर्षं ते कॅब कॅलोवे यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात होते. तिथं डिझी गिलेस्पी हा तरुण ट्रंपेटवादक दाखल झाला, वयानं सात वर्षांनी लहान. हिंटन तेव्हा नामांकित. तरी दोन खेळांच्या मधल्या वेळात हे आपला अवजड बास घेऊन कॉटन क्लबच्या गच्चीवर जायचे आणि त्या पोराकडून नव्या पद्धतीचे स्वरमेळ शिकायचे. सहा फुटी वाद्य जिन्यावरून वर न्यायचं, कशासाठी, तर धाकट्याकडून शिकायला! आत्मविश्वास ओळखायचा असेल तर या जिन्यावर ओळखावा. अहंकार असता तर बास खालीच राहिला असता.

हिंटनना आणखी एक नाद होता, फोटो काढायचा. प्रवासात, स्टेशनवर, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, वाट बघत झोपलेल्या, पत्ते खेळणाऱ्या साथीदारांचे फोटो. सुमारे साठ हजार निगेटिव्ह त्यांनी मागे ठेवल्या. त्यात दक्षिणेकडच्या राज्यांतल्या 'फक्त कृष्णवर्णीयांसाठी' अशा पाट्यांखाली उभे असलेले मोठमोठे कलावंत आहेत. म्हणजे हिंटन अपमान विसरले नव्हते. त्यांनी तो नोंदवून ठेवला. २००० साली, नव्वदीत ते गेले.

तिसरं उदाहरण रॉन कार्टर यांचं. जन्म १९३७. तेही चेलोवरून बासवर आलेले, रीतसर पदवी घेतलेले. शिकत असताना लिओपोल्ड स्टोकोव्स्कीसारख्या मोठ्या संचालकानं त्यांना सांगितलं की वादन उत्तम आहे, पण कृष्णवर्णीय वादक घ्यायला आमचं व्यवस्थापन तयार नाही. कार्टर जॅझकडे गेले. १९६३ पासून पाच वर्षं माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवलं. २०१५ मध्ये गिनेस बुकनं सर्वांत जास्त ध्वनिमुद्रणं केलेला जॅझ बासवादक म्हणून त्यांची नोंद केली, २,२२१ ध्वनिमुद्रणं! दोन हजारांवर वेळा कुणीतरी म्हटलं की या माणसाला माझ्याशेजारी उभं करा. हे माझं मोजमाप आकड्यात मांडल्यासारखंच झालं.

याच्या उलट टोकाला एक काल्पनिक माणूस आहे. पॅट्रिक झ्युसकिंड या जर्मन लेखकाचं 'डेर कोंट्राबास' हे एकपात्री नाटक १९८१ मध्ये म्युनिकला रंगमंचावर आलं. सरकारी ऑर्केस्ट्रातला एक बासवाला आपल्या आवाजबंद खोलीत बिअर पीत बोलत बसला आहे. आधी बढाई मारतो: संचालकाशिवाय ऑर्केस्ट्रा चालेल, पण बासशिवाय चालणारच नाही. (यात खोटं काही नाही!) मग हळूहळू तेच वाद्य त्याला घरातली अडगळ, वैरी वाटायला लागतं. एका गायिकेवर त्याचं प्रेम आहे आणि तिला तो अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नाही. प्रयोग सुरू व्हायच्या अगदी आधीच्या शांत क्षणी तिचं नाव मोठ्यानं ओरडायचा त्याचा बेत असतो. अहंकार किती रिकाम्या घरात राहू शकतो ते या पात्रात दिसतं. त्याला वाजवण्यात रस उरलेला नाही, दिसण्यात आहे. मला त्याची चीड येत नाही, कीव येते. आणि भीतीही वाटते, कारण सरकारी नोकरीतल्या मागच्या रांगेत असे लोक तयार होताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना कुणी कधी नावानं हाक मारलेली नसते.

नावावरून आठवलं. हे सगळं दूर देशी घडलेलं वाटेल, पण डबल बास आपल्याही कानांवरून रोज गेला आहे. मुंबईत हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणाला जे मोठे वाद्यवृंद असायचे त्यात गोव्याहून आलेले पुष्कळ वादक होते. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले. १९५०-६० च्या दशकांतल्या कितीतरी गाण्यांच्या तळाशी डबल बास चालतो आहे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशी संयोजक-वादकांची काही नावं आता तरी लोकांना माहीत झाली. रेकॉर्डच्या तबकडीवर मात्र गायक, चित्रपट, संगीतकार अशी नावं छापलेली असायची. तळाशी चालणाऱ्याचं नाव कुठंच नाही. त्यांच्यातल्या कुणी नाव छापा म्हटलं असतं, तर तो अहंकार ठरला असता की हक्क? मी म्हणेन हक्क. नाव ही फार मोठी मागणी नाही.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. माझ्या भाचीची मुलगी सोळा वर्षांची आहे, परदेशात शाळेच्या ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवते. मागच्या वर्षी तिला तिथं सांगण्यात आलं, "तू फार दबकत वाजवतेस, आत्मविश्वास आण." पोरीनं मनावर घेतलं, वर्षभर मेहनत केली. या वर्षी तालमीत एका जागी लय ओढली जात होती, ती तिनं हात वर करून दाखवून दिली. तर तिला ऐकवण्यात आलं की बासवाल्यांनी जरा इगो कमी ठेवावा! आता ती मला फोनवर विचारते, "आजी, नक्की किती आत्मविश्वास चालतो?" वाद्य सोडायच्या गोष्टी चालल्या आहेत.

बाळा, हे खास तुझ्यासाठी. (घरातल्या इतरांनीही वाचायला हरकत नाही.) आत्मविश्वास चमच्यानं मोजून द्यायची वस्तू नाही, की एवढा पुरे आणि याच्यापुढे अहंकार. त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. लय ओढली जाते हे तुला ऐकू आलं, कारण तू सगळ्यांचं ऐकत होतीस. अहंकारी माणसाला दुसऱ्यांची लय ऐकूच येत नाही, त्याला फक्त स्वतःचा सूर ऐकू येतो. तू सांगितल्यामुळे तुझ्या पुढच्या रांगेतल्या चेलोवाल्यांचं काम सोपं होणार होतं ना? मग झालं तर. सांगण्याची वेळ आणि पद्धत याबद्दल शिक्षकांचं ऐक, ते शिकण्यासारखं असतं. पण सांगितलंस हे बरोबरच केलंस. उद्या तुझी चूक कुणी दाखवली, तुझ्यापेक्षा लहान मुलानं दाखवली, तर हिंटन आजोबांसारखी बास घेऊन जिना चढ. तेवढं जमलं की अहंकाराची काळजी करायचं कारण नाही.

आणि वाद्य इतक्यात सोडू नकोस. तुझ्या एका सुरानं बाकीच्यांच्या तीन सुरांचा अर्थ बदलतो, ही गोष्ट किती जणींना करायला मिळते? लोक बोलतात तर बोलू देत. आणि पुढे कधी मानधनाचा विषय निघाला, तर ड्रॅगोनेट्टीची आठवण ठेव!